मिस फरार यांचा नाताळ: एक दुरुस्ती

मागच्या डिसेंबरात अहमदनगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांबद्दल बोलताना मी म्हणून गेलो, की मिस फरार यांच्या घरी नाताळची केवढी धामधूम असेल! एका श्रोत्यानं विचारलं, ‘कशावरून?’ आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सिंथिया फरार १८२७च्या डिसेंबरअखेरीस मुंबईत उतरल्या. अविवाहित, न्यू इंग्लंडच्या, बोस्टनच्या अमेरिकन बोर्डानं पाठवलेल्या. आता गंमत बघा. ही मंडळी प्युरिटन परंपरेतली. नाताळ पाळा असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय, हा त्यांचा सवाल. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला चक्क पाच शिलिंग दंड होता! ती बंदी १६८१मध्ये उठली, पण तिथे नाताळची कायदेशीर सुट्टी व्हायला १८५६ साल उजाडलं. म्हणजे तोवर फरारबाईंना भारतात येऊन जवळजवळ तीस वर्षं झाली होती.

मग सण कुठला? रविवार. तो मात्र कडक. बाकी दिवस मराठी शिकणं आणि मुलींच्या शाळांची देखरेख. शिवाय महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रार्थनासभा. त्याच दिवशी अमेरिकेतल्या चर्चमधूनही मिशनऱ्यांसाठी प्रार्थना व्हायची. घरच्यांची आठवण काढायचा त्यांचा दिवस मला तरी हाच वाटतो.

आणि ‘नाताळ’ हा आपला शब्द? तो पोर्तुगीजांचा. ते वसईत १५३४ सालीच आले होते.

फरारबाई १८३९मध्ये नगरला गेल्या, १८६२मध्ये तिथेच वारल्या. जुना भाग काढलेला नाही. त्याखाली ही दुरुस्ती जोडली आहे.