रूळ नदीपलीकडून गेले

अमेरिकेच्या कन्सास राज्यात निकोडेमस नावाचे एक खेडे आहे. 2020 च्या शिरगणतीत तेथे अवघी 14 माणसे भरली. त्याला स्वतःची नगरपालिका नाही. कायद्याच्या लेखी ती नुसती वस्ती. मुलांना भूगोल शिकवता शिकवता मला अशा वस्त्यांचा नाद लागला, आणि त्यांत ही मनात घर करून राहिली.

1865 साली अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली. पण सुटलेल्यांच्या हाती जमीन आली नाही. पश्चिमेकडे मात्र 1862 च्या कायद्याप्रमाणे सरकारी जमीन पाच वर्षे कसणाऱ्याला 160 एकरांपर्यंत मिळे. 1877 मध्ये हिल हा गोरा आणि स्मिथ हा कृष्णवर्णी, अशा दोघा गृहस्थांनी इतर काही जणांसह कंपनी काढून हे गाव कागदावर आखले. जाहिराती वाचून केंटकीतून शेकडो कृष्णवर्णी माणसे निघाली. एलिस स्टेशनापर्यंत आगगाडी, पुढे पायपीट.

सॉलोमन नदीच्या उत्तर काठी उघडा माळ! घराला लाकूड कोठून आणणार? त्यांनी जमिनीतच खोदून घरे केली. पहिल्या हिवाळ्यात ओसेज शिकाऱ्यांनी दिलेल्या मांसावर जीव तगले, असे गावकरी सांगत आले आहेत. पुढल्या वसंतात नवी मंडळी आली, तो गाव कोठे दिसेना. दिसला तो जमिनीतून वर येणारा चुलींचा धूर. कित्येक कुटुंबे आल्या पावली परतली. राहिली त्यांनी कुदळी-फावड्यांनी माळ फोडला.

दहा वर्षांत दुकाने, चर्च, शाळा, हॉटेल, दोन वर्तमानपत्रे झाली. येथलेच एडवर्ड मॅकेब 1882 साली राज्याचे हिशेबतपासनीस निवडून आले. उणीव होती ती आगगाडीची. 1887 मध्ये तिच्यासाठी 16,000 डॉलरचे रोखे मंजूर झाले. ती कंपनी आलीच नाही. 1888 मध्ये दुसऱ्या कंपनीचे रूळ पडले ते नदीच्या दक्षिणेला. दुकाने उठून बोग या नव्या स्टेशनाकडे गेली. पुढे 1930 नंतरच्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी शेतकरीही हलवले. 1953 मध्ये पोस्ट बंद झाले.

असे गाव उठायचे, ते उठले नाही. ब्रिटिश वसाहतींतील गुलाम 1 ऑगस्ट 1834 रोजी मुक्त झाले. त्या दिवसाच्या आठवणीने हे लोक पूर्वीपासून उत्सव करीत. आता तो जुलैअखेर होतो, आणि दूरदूरच्या राज्यांत पांगलेली नातवंडे-पतवंडे त्यासाठी येथे येतात. 1996 मध्ये सरकारने गावातील पाच जुन्या वास्तूंसह या वस्तीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवले. पण गाव जागे ठेवले ते या येणाऱ्यांनीच. सणाला घरी निघालेल्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. शिरगणतीवाला जुलैअखेर तेथे गेला, तर त्याला वहीचे आणखी पान लागेल.