विचारणारें यंत्र आणि ऐकणारें यंत्र

अलिबागच्या समुद्रकांठीं १९०४ सालीं चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार होत्या आणि कुलाब्याच्या चुंबकसूचींना त्यांचा उपद्रव झाला असता. त्याच कुलाब्यास सप्टेंबर १८५९ मध्यें मोठें चुंबकीय वादळ नोंदलें गेलें. निरीक्षक एरव्हीं तासातासाला, पण वादळांत कांहीं मिनिटांनींच, डोळ्यांनीं आंकडे वाचीत. सुमारें १६०० नॅनोटेस्लांची घट आज आपणांस ठाऊक आहे ती त्यांच्या दक्षतेमुळें. दोन वाचनांच्या मधें जें घडलें तें मात्र गेलें. पुढें सूचीच्या आरशावरून परतणारा किरण प्रकाशग्राही कागदावर अखंड रेघ ओढूं लागला, तेव्हां विचारण्याची गरजच सरली.

संगणकाच्या इतिहासांत हाच प्रश्न पुन्हां उभा राहिला. १९७० नंतर कॅलिफोर्नियांत झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधनकेंद्रांत अॅलन के, डॅन इंगल्स प्रभृतींनीं स्मॉलटॉक भाषा घडविली. तिचे कार्यक्रम प्रत्यक्ष यंत्राशीं बोलत नाहींत. मधें एक आभासी यंत्र दुभाष्याप्रमाणें बसलेलें असतें. म्हणून एकच कार्यक्रम निरनिराळ्या संगणकांवर चालतो. तथापि अशा संगणकांवर पडदा, माऊस व कळफलक ह्यांची मालकी तेथल्या ऑपरेटिंग सिस्टीमकडेच असते. स्मॉलटॉकमधील कार्यक्रम फेऱ्या घालून विचारीत: माऊस कोठें आहे? बटण दाबलेलें आहे काय? पण दोन प्रश्नांच्या मधें बटण दाबून सोडलें, तर कार्यक्रमाच्या लेखीं तें घडलेंच नाहीं!

ह्याच मंडळींपैकीं कांहींनीं १९९६ सालीं अॅपलमध्यें स्क्वीक निर्माण केलें. तेंही प्रथम विचारीतच असे. कांहीं वर्षांनीं त्यांत घटनांची रांग आली. प्रत्येक घटनेची नोंद आठ खान्यांची. पहिल्यांत प्रकार, दुसऱ्यांत वेळ. कार्यक्रम अन्य कामांत गुंतला असला तरी घटना आपल्या वेळेच्या शिक्क्यासह थांबून राहते.

माऊसचा प्रकार पहिला, कळफलकाचा दुसरा, आणि खिडकीचा पांचवा: आकार बदलला, खिडकी पुढें आली, बंद करण्याची आज्ञा झाली. ह्या शेवटच्या आज्ञेंत खरी मेख आहे. खिडकीची चौकट ऑपरेटिंग सिस्टीमची. पण आंतील लिखाण जतन झालें कीं नाहीं, हें तिला कोठून कळणार? तें आंतल्या कार्यक्रमासच ठाऊक. दुभाष्यानें आज्ञा आंत न पोहोंचवितां परस्पर दार लावलें, तर दिवसभराचें काम बुडालें. म्हणून तो निरोप आंत पाठवून थांबतो, आणि आंतून विचारणा येते: लिखाण जतन करावयाचें कीं टाकून द्यावयाचें?