प्रतीक्षा आणि प्रत

४ सप्टेंबर २०२५ रोजी 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' हा व्हिडिओ गेम विक्रीस खुला झाला आणि पाहता पाहता निन्टेंडो, सोनी व मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांची कन्सोलवरील दुकाने, तसेच संगणकासाठीचे 'स्टीम' हे दुकान, गर्दीच्या भाराने अडखळली. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथील 'टीम चेरी' या मोजक्या माणसांच्या चमूने हा खेळ फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला होता. साडेसहा वर्षे चाहते वाट पाहत राहिले. नेमकी तारीख मात्र त्यांना जेमतेम दोन आठवडे आधी कळली. या प्रसंगी आम्हांस कुतूहल वाटले ते एका साध्या गोष्टीचे. हा माल संपणारा नव्हता. त्याच्या प्रती छापायच्या नव्हत्या, गाडीने गावोगाव पोचवायच्या नव्हत्या. संध्याकाळी घेतला असता तरी तोच खेळ त्याच किमतीला मिळाला असता. तरीही रांग लागली, आणि ती इतकी मोठी की दुकानच काही काळ बंद पडले.

डाउनलोड करून खेळायच्या खेळांविषयी अशी उत्कंठा पुनःपुन्हा उसळते, आणि प्रत्येक वेळी ती नवीच असल्यासारखी बोलली जाते. वस्तुतः तिला चाळीस वर्षांहून अधिक इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहावे असे आम्हांस वाटते, कारण संहिता, आवृत्ती, प्रत हे आपले नित्याचे शब्द या इतिहासात फार विचित्र रीतीने वागतात.

आरंभ १९८३ सालचा. अमेरिकेत 'कंट्रोल व्हिडिओ कॉर्पोरेशन' या कंपनीने अटारी २६०० या यंत्रासाठी 'गेमलाइन' नावाची सेवा सुरू केली. यंत्रात एक जाडजूड कार्ट्रिज खोचायचे, त्याची तार टेलिफोनला जोडायची, आणि खेळ फोनच्या तारेवरून घरात उतरवून घ्यायचा. ठरावीक डाव खेळून झाले की पुन्हा फोन, पुन्हा पैसे. ग्राहकाच्या हाती उरे ते रिकामे कार्ट्रिज. त्याच वर्षी अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि सेवाही बुडाली. तिच्या अवशेषांतून उभी राहिलेली कंपनी पुढे 'अमेरिका ऑनलाइन' या नावाने जगभर ओळखली गेली. म्हणजे लक्षावधी लोकांना इंटरनेटची ओळख करून देणाऱ्या कंपनीच्या मुळाशी हा फसलेला खेळांचा व्यापार होता! १९९४ च्या अखेरीस सेगाने केबल टीव्हीच्या तारेतून हाच प्रयोग पुन्हा केला. 'सेगा चॅनेल'वर मासिक वर्गणीत डझनावारी खेळ मिळत, महिन्याला यादी पालटे, आणि यंत्र बंद केले की उतरवलेला खेळ नाहीसा होई. १९९८ मध्ये ही सेवाही आटोपली.

याहून विलक्षण प्रकार जपानमध्ये घडत होता, आणि तिथे जरा थांबणे भाग आहे. एप्रिल १९९५ पासून निन्टेंडो आणि 'सेंट गीगा' ही उपग्रह-रेडिओ कंपनी मिळून 'सॅटेलाव्ह्यू' नावाच्या जोडयंत्रावर खेळ प्रसारित करू लागल्या. त्यांतील काही खेळांना 'साउंडलिंक' म्हणत. खेळाचा सांगाडा उपग्रहावरून यंत्रात उतरे. निवेदन, पात्रांचे संवाद आणि संगीत मात्र त्याच वेळी रेडिओसारखे थेट येत राही. १९९५ च्या ऑगस्टमध्ये 'झेल्डा'चा एक अवतार असा प्रसारित झाला. ठरल्या तासाला सारे खेळाडू आपापल्या घरी बसत. पडद्यावरचे घड्याळ पुढे सरके. अमुक मिनिटाला निवेदक सूचना देई आणि सर्वांच्या खेळात एकदमच काही घडे. तास संपला की खेळ संपला. तो दुसऱ्या दिवशी सवडीने खेळता येत नसे.

याला काय म्हणावे? ग्रंथ म्हणावा तर प्रत नाही. नाटक म्हणावे तर प्रेक्षकच नट. आमच्या मते तो प्रयोग होता, त्या शब्दाच्या रंगभूमीवरील अर्थाने. ३० जून २००० रोजी प्रसारण कायमचे थांबले. स्मृतिपट्ट्यांवर राहिलेले सांगाडे पुढे हौशी संग्राहकांनी मिळवले, परंतु आवाज त्या पट्ट्यांवर कधी नव्हताच. त्या काळी कोणी घरच्या व्हिडिओ कॅसेटवर आपला खेळ मुद्रित करून ठेवला असेल, तर त्यावरून हे निवेदन जुळवावे लागते. पाठचिकित्सेचे काम करणाऱ्यांस ही परिस्थिती ओळखीची वाटेल: मूळ हस्तलिखित नाही, आहे ती एका श्रोत्याने उतरवून घेतलेली नक्कल.

यानंतर ज्याला बहराचा काळ म्हणता येईल तो आला. नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० बाजारात आला तेव्हा त्यासोबत 'एक्सबॉक्स लाइव्ह आर्केड' हे दुकानही आले. पाच डॉलरांचा 'जॉमेट्री वॉर्स : रेट्रो इव्हॉल्व्हड' हा पहिल्या दिवसांतला आवडता खेळ, मूळचा तो एका मोटार-शर्यतीच्या खेळात दडवलेला गंमतीचा तुकडा होता. दुकानाच्या आरंभीच्या नियमानुसार खेळ ५० मेगाबाइटांहून मोठा नसावा, कारण हार्ड डिस्क नसलेल्या यंत्रांच्या ६४ मेगाबाइटांच्या स्मृतिपट्टीवर तो मावला पाहिजे. ही मर्यादा पुढे १५० झाली, मग ३५०. अशा आकुंचित जागेत भव्य चित्रपटी देखावे शक्यच नव्हते. एखादी नेमकी कल्पना घेऊन ती शेवटपर्यंत नेणे एवढेच शक्य होते. आपल्याकडे साठच्या दशकात लघुअनियतकालिकांनी मोठ्या प्रकाशनगृहांच्या बाहेर आपली वाट काढली, त्याची आठवण व्हावी. अर्थात उपमा फार ताणू नये. अनियतकालिकांचा छापखाना कुणा एका महाकंपनीच्या मालकीचा नव्हता.

उत्कंठेचे वेळापत्रकही याच काळात बसले. २००६ च्या उन्हाळ्यापासून मायक्रोसॉफ्टने नवे खेळ बुधवारी देण्याची प्रथा पाडली, आणि बुधवार हा वाट पाहण्याचा वार झाला. मधल्या काळात सामान्य खेळांची गर्दी होऊन लोक कंटाळले होते. २००८ च्या उन्हाळ्यात ती मरगळ झटकली गेली. ६ ऑगस्ट २००८ रोजी जोनाथन ब्लो यांचा 'ब्रेड' (म्हणजे वेणी, न्याहारीचा पाव नव्हे) प्रकाशित झाला. काळ उलटा फिरवता येणे ही त्याची यांत्रिक युक्ती, आणि केलेली चूक पुसता आली तर माणूस निराळा होतो का, हा त्या युक्तीचा विषय. रूप आणि आशय अशी जी फारकत आपण वर्गात करून दाखवतो, ती या खेळात करून दाखवणे अवघड आहे. त्याची किंमत पंधरा डॉलर होती, आणि 'डाउनलोडच्या खेळाला इतके पैसे?' असा वाद तेव्हा पेटला होता. वादाचा गाभा किमतीहून खोल होता. हातात काहीच येत नसेल तर कृतीचे मोल कशावरून ठरवायचे, असा तो प्रश्न होता.

पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने आणखी एक धोरण जाहीर केले होते. जो खेळ सहा महिन्यांहून जुना आहे, ज्याचे समीक्षकांचे सरासरी गुण ६५ हून कमी आहेत आणि जो चाखून पाहणाऱ्यांपैकी सहा टक्के लोकही विकत घेत नाहीत, तो दुकानातून काढून टाकता येईल. ज्या फळीला अंत नाही असे सांगितले जात होते, त्या फळीवरून माल उतरवण्याचा हक्क दुकानदाराने असा राखून ठेवला. ऑगस्टच्या जल्लोषात मे महिन्यातील हे वाक्य कुणाच्या ध्यानात राहिले नाही.

निन्टेंडोचे 'वीवेअर' २५ मार्च २००८ रोजी जपानमध्ये उघडले. पहिल्याच दिवशी त्यात स्क्वेअर एनिक्सचा एक खेळ होता, 'फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स : माय लाइफ अ‍ॅज अ किंग'. त्याची रचना आम्हांस आजही फार देखणी वाटते. नायक एक बालराजा. तो स्वतः कधीच मोहिमेवर जात नाही. ओसाड नगरीत घरे उभारायची, लोक वसवायचे, तरुणांना मोहिमेवर पाठवायचे आणि दुसऱ्या सकाळी त्यांचे वृत्तान्त वाचायचे, एवढेच त्याचे काम. अजगर, गुहा, झुंजी हे सारे त्याच्या आणि खेळाडूच्याही दृष्टीआड घडते. वीवेअरच्या ४० मेगाबाइटांच्या मर्यादेत हे कथारूप चपखल बसले होते. ३० जानेवारी २०१९ रोजी निन्टेंडोने ते दुकान बंद केले. हा खेळ इतरत्र कुठे पुनःप्रकाशित झालेला नाही. त्यामुळे आज तो रीतसर विकत घेता येत नाही. 'ब्रेड'चे भाग्य थोर, त्याची नवी आवृत्ती २०२४ मध्ये निघाली. एक्सबॉक्स ३६० चे जुने दुकान त्याच वर्षी २९ जुलैला मिटले.

दुकान चालू असतानाही खेळ नाहीसे होतात. 'स्कॉट पिल्ग्रिम'वरचा २०१० चा खेळ डिसेंबर २०१४ च्या अखेरीस विक्रीतून गेला आणि थेट जानेवारी २०२१ मध्ये परतला. कोनामीचा 'पी. टी.' हा भयखेळ ऑगस्ट २०१४ मध्ये फुकट मिळाला, पुढच्या एप्रिलमध्ये मागे घेतला गेला, आणि ज्या यंत्रांवर तो आधीच उतरवलेला होता ती यंत्रे लिलावात चढ्या भावाने मागितली जाऊ लागली. फुकट कृती, आणि तिचे पात्र मौल्यवान!

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने 'सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन नेटवर्क'सह एक पाहणी प्रसिद्ध केली. तीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ संशोधकांना दूरस्थ पद्धतीने दाखवावेत, अशी परवानगी मागितली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. अभ्यासाच्या नावाखाली लोक हे खेळ करमणुकीसाठी खेळतील, ही भीती नकारामागे होती. कादंबरी घरी दिली तर वाचक तिच्यात रमेल, म्हणून ती ग्रंथालयातच साखळीने बांधून ठेवावी, असा हा न्याय आहे. आम्हांस तो हास्यास्पद वाटतो.

येथे उत्कंठेकडे परतणे प्राप्त आहे. खेळ जातो तेव्हा मागे काय उरते? त्याची घोषणा, जाहिरातीची चित्रफीत, 'येत्या बुधवारी' अशा बातम्या, परीक्षणे, किमतीवरचे वाद. गुणाढ्याची बृहत्कथा आपल्याला नंतरच्यांनी केलेल्या पुनर्कथनांतून आणि उल्लेखांतून कळते, मूळ पैशाची संहिता कुणी पाहिलेली नाही; तशीच या खेळांची गत होत आहे. फरक इतकाच की येथे उल्लेख बहुतांशी कृतीच्या आधीचे आहेत. वीवेअरच्या खेळांचा इतिहास लिहू जाणाऱ्यास वाट पाहणाऱ्यांचे उद्गार विपुल मिळतील, खेळ मिळणार नाही. म्हणून चाहत्यांच्या उतावळेपणाला हसणाऱ्या प्राध्यापकमित्रांशी आम्ही सहमत नाही. उद्या तोच उतावळेपणा प्राथमिक साधन ठरणार आहे.

मार्च २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणि व्हिटा यांची दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. खेळाडूंचा क्षोभ पाहून एप्रिलमध्ये निर्णय फिरवला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे, की डिजिटल वस्तू विकताना 'विकत घ्या' म्हणायचे असेल, तर ग्राहकाला केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगावे. आणि त्याच वर्षी ५ जूनला आलेल्या निन्टेंडोच्या 'स्विच २' साठी काही खेळ डबीत मिळतात, डबीत कार्डही असते, परंतु कार्डावर खेळ नसतो. असते ती दुकानातून तो उतरवून घेण्याची किल्ली.