आभाळाचं टिपण

पेस्टल हे मुळात दिवाणखान्यातलं माध्यम. व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएराने १७२०-२१ मध्ये पॅरिस गाजवलं ते या खडूंनी काढलेल्या व्यक्तिचित्रांवर. पावडर लावलेले गाल, लेस, मखमल यांना ही मऊ भुकटी शोभून दिसे. काचेआड ठेवायचा असा नाजूक ऐवज समुद्रकाठच्या वाऱ्यात न्यावा, हे तेव्हा कोणाला पटलं असतं?

पुढे चित्रकार देलाक्रवाने पेस्टलमध्ये आभाळं काढली. पण आभाळाचा रियाज केला तो यूजेन बूदँने. नॉर्मंडीतल्या ओंफ्लरचा हा खलाशाचा मुलगा (जन्म १८२४) आधी ल आव्र बंदरात कागद आणि चौकटी विकत होता. तिथलं आभाळ घडीघडीला पालटतं. तैलरंग जुळवेपर्यंत ढग मोडलेला असायचा. पेस्टल म्हणजे रंगद्रव्य, खडूची पूड आणि जेमतेम डिंक. कांडी टेकवली की रंग उमटला, वाळायची वाट पाहणं नाही. करडा किंवा निळसर कागद घेतला की मधली छटा आयतीच मिळते. मग पांढऱ्याने ढगाची उजळ कड काढायची, पावसाची सर बोटाने पुसटायची आणि शेजारी तारीख, वेळ, वारा लिहून ठेवायचा. इंग्लंडमध्ये चित्रकार कॉन्स्टेबलनेही १८२१-२२ च्या ढगांमागे अशाच नोंदी केल्या होत्या, पण ते ढग तैलरंगातले.

१८५९ मध्ये कवी आणि कलाटीकाकार बोदलेअरने ओंफ्लरला बूदँची अशी शेकडो पेस्टलं पाहिली. पॅरिसमधल्या त्या वर्षीच्या प्रदर्शनावर लिहिताना त्याने म्हटलं, की नोंद हाताने झाकली तरी ऋतू, वेळ आणि वारा ओळखता येतो. गंमत अशी, की प्रदर्शनात बूदँचं तैलचित्र होतं, ब्रिटनीतल्या जत्रेचं. बोदलेअर मात्र रमला या टिपणांत. तरी अभ्यास म्हणजे चित्र नव्हे, हे बजावायला तो विसरला नाही. मला वाटतं, इथे कवीची नजर टीकाकारापेक्षा पुढे धावली.

त्याच सुमारास व्यंगचित्रं विकणाऱ्या एका पोराला बूदँने उघड्यावर रंगवायला नेलं. तो क्लोद मोने. पुढे १८७४ मध्ये मोने आणि त्याच्या मित्रांनी पॅरिसमध्ये स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, तेव्हा बूदँही त्यात होता. तैलचित्रांसोबत त्याने आभाळाची पेस्टलंही मांडली. मोनेनेही तिथे आपली काही पेस्टल रेखाटनं ठेवली होती.