कोरहाचें बंड : एका जोडकथेचा विचार

धर्माधिकाऱ्याविरुद्ध उठणाराचा शेवट काय होतो हें सांगावयाचें झालें, म्हणजे यहुदी व ख्रिस्ती उपदेशक बहुधा कोरहाकडे बोट दाखवितात. कोरहानें मोशे व अहरोन यांविरुद्ध बंड केलें, धरणी दुभंगली, आणि तो सपरिवार जिवंत गडप झाला. तिसऱ्या शतकांत कार्थेजचा बिशप सिप्रियन यानें आपल्या मंडळींतून फुटणारांवर हीच कथा शस्त्रासारखी चालविली. परंतु जुनीं बाडें चाळणारानें ती मुळांत, म्हणजे ‘गणना’ ग्रंथाच्या १६ व्या अध्यायांत, एकवार सावकाश वाचावी. दोन निरनिराळ्या बखरींचीं पानें एकत्र शिवलीं गेलीं असतां जो घोटाळा होतो, तोच येथें दिसून येईल.

कोरह हा लेवी कुळांतला, मोशे-अहरोनांचा चुलतभाऊ. अडीचशें प्रतिष्ठित पुरुष घेऊन तो विचारतो कीं, सारी मंडळीच पवित्र असतां तुम्हीच वर कां चढून बसावें? वाद धूप जाळण्याच्या, अर्थात् याजकपणाच्या, हक्काचा आहे. दाथान व अबीराम यांस मात्र धुपाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. हे रऊबेन कुळांतले. रऊबेन याकोबाचा ज्येष्ठ पुत्र, तेव्हां गेलेल्या वडीलकीचें शल्य त्यांस असावें. मोशेनें बोलाविलें असतां ते येतच नाहींत. ज्या मिसर देशांत दास्य भोगलें, त्यालाच ते दुधामधाचा देश म्हणतात, आणि तूं आम्हांस ना शेत दिलेंस ना द्राक्षमळा, असें सुनावितात. (टोमणा मोठा झोंबणारा आहे, व ग्रंथकारानें तो गाळला नाहीं.)

शिक्षाहि दोन. धरणी दुभंगते ती तंबूंजवळ. अग्नि निघतो तो निवासमंडपाशीं, आणि त्यांत धूप जाळणारे अडीचशें भस्म होतात. मग कोरह कोठें मेला? १६ व्या अध्यायांत त्याचीं माणसें गडप झाल्याचें आहे, त्याचें स्वतःचें स्पष्ट नाहीं. २६ व्या अध्यायाचा प्रचलित हिब्रू पाठ त्यास धरणीच्या पोटांत घालतो, तर शोमरोनी पाठ अग्नींत जाळतो. इतिहासकार जोसीफसहि अग्नीच्याच बाजूचा. तालमुदांत तर दोन्ही शिक्षा झाल्याचें एक मत व एकहि न झाल्याचें दुसरें, अशीं दोन्हीं नोंदलीं आहेत! उलटपक्षीं ‘अनुवाद’ ग्रंथाचा ११ वा अध्याय व १०६ वें स्तोत्र यांत दाथान-अबीराम आहेत, कोरहाचें नांवहि नाहीं. म्हणून दाथान-अबीरामांची कथा जुनी, व याजकवर्गीय लेखकांनीं तीवर कोरहाचें प्रकरण मागाहून चढविलें, असा निर्णय अर्वाचीन टीकाकारांपैकीं बहुतेकांनीं दिला आहे. आम्हांसहि तोच ग्राह्य वाटतो.

चढविण्याचें कारण फार दूर शोधावयास नको. जळालेल्या अडीचशांचीं धुपाटणीं ठोकून वेदीस पत्र्याचें आवरण केलें, तें अहरोनाच्या वंशाबाहेरच्यानें धूप जाळूं नये याची खूण म्हणून. लागलीच १८ व्या अध्यायांत याजकांचें उत्पन्न बांधून दिलें आहे. लेवींनीं आपणांस मिळालेल्या दशमांशाचाहि दशमांश याजकांस द्यावा असें ठरलें. वतनाच्या महजरास पूर्वपीठिका कशी जोडतात, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे.

असें असूनहि २६ व्या अध्यायांत एक लहानसें वाक्य राहून गेलें आहे, तें असें सांगतें कीं कोरहाचे पुत्र मेले नाहींत. बंडखोराचा वंश ज्यांनीं सहज पुसून टाकला असता, त्यांनींच तो जपला. पुढें हेच कोरहवंशी यरुशलेमच्या मंदिराचे द्वारपाळ व गायक म्हणून आढळतात. स्तोत्रसंहितेंतील ११ स्तोत्रांच्या शिरोभागीं त्यांचें नांव आहे, आणि ‘इतिहास’ ग्रंथाच्या वंशावळींत शमुवेल भविष्यवादीहि कोरहाच्याच वंशांत घातला आहे. यहूदाच्या दक्षिण सीमेवर तेल आराद येथें १९६० नंतरच्या उत्खननांत सांपडलेल्या, इ. स. पूर्वी आठव्या शतकाच्या सुमाराच्या एका लेखांत, इतर घराण्यांबरोबर कोरहाच्या पुत्रांचीहि नोंद आहे.