दिव्याला टोपी

१९४३ साली महायुद्धामुळे लॉस एंजेलिस शहरात रात्री दिवे मालवले किंवा झाकले जात. शहराजवळच्या माउंट विल्सन वेधशाळेत तेव्हाची जगातली सर्वांत मोठी, १०० इंची दुर्बीण होती. तेथील वॉल्टर बाडे हे जर्मन नागरिक. त्यांना युद्धकार्यात घेतले गेले नाही, सहकारी मात्र तिकडे गुंतले, त्यामुळे दुर्बीण बाडेंना मनसोक्त वापरायला मिळाली. तांबड्या प्रकाशाला संवेदनशील काचपट्ट्यांवर त्यांनी देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे प्रथमच सुटे सुटे टिपले. ताऱ्यांचे दोन मुख्य वर्ग असतात, ही कल्पना त्यांनी यावरून १९४४ मध्ये मांडली. या शोधात काळोखही भागीदार होता. पुढे युद्ध संपले, दिवे लागले, शहर वाढले. १९८५ मध्ये ही दुर्बीण काही वर्षांसाठी बंद झाली, त्यामागे उजळलेले आकाश हेही एक कारण होते.

काळोखासाठी युद्धच हवे का? शेजारच्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफ गावाने वेगळी वाट धरली. तेथे १८९४ पासून लॉवेल वेधशाळा आहे. प्लूटो १९३० मध्ये तेथेच सापडला. १९५८ मध्ये या गावाने जाहिरातीसाठी आकाशात सर्चलाइटचे झोत फिरवण्यावर बंदी घातली. हे तसे सोपे होते, कारण झोत कोणाचा ते सगळ्या गावाला दिसे. घराच्या ओट्यावरच्या बल्बचे काय? एकटा तो निरुपद्रवी, पण असे हजारो! म्हणून आम्हाला १९८९ चा नियम अधिक मोलाचा वाटतो. त्याने बाहेरच्या दिव्यांतून एकरी किती प्रकाश पडावा यावरच मर्यादा घातली.

मर्यादा पाळून अंगण उजळायचे कसे, हे पाहू. उघडा बल्ब चहूकडे प्रकाश फेकतो. आपल्याला हवा असतो खालचा. वर गेलेला प्रकाश हवेच्या रेणूंवर आणि धुळीवर विखुरतो व आकाश दुधाळ होते. क्षितिजाच्या किंचित वर जाणारे किरण सर्वांत त्रासदायक, कारण ते हवेतून फार लांब प्रवास करतात. दिव्यावर अपारदर्शक टोपी घालून बल्ब तिच्या आत ठेवला, तर वाया जाणारा प्रकाश खाली वळतो आणि कमी शक्तीचा बल्ब पुरतो. डोळे दिपत नाहीत, त्यामुळे फाटकाशी कोण उभे आहे तेही नीट दिसते. (चोराच्या भीतीने झगझगीत दिवा लावणाऱ्यांनी हे करून पाहावे!)

दिव्याचा रंगही महत्त्वाचा. कमी दाबाचा सोडियम दिवा जवळजवळ एकाच, ५८९ नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशाचा. मीठ टाकलेल्या ज्योतीत आपण मुलांना दाखवतो तोच. एवढा अरुंद पट्टा खगोलशास्त्रज्ञांना गाळून टाकता येतो. पांढऱ्या एलईडीत निळा भाग बराच असतो, आणि निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. ज्या कारणाने दिवसा आकाश निळे, त्याच कारणाने रात्री ते उजळ.

२००१ मध्ये फ्लॅगस्टाफला जगातले पहिले आंतरराष्ट्रीय 'गडद आकाश' शहर म्हणून मान्यता मिळाली. त्यानंतर एलईडी आले, आणि वीज वाचवणारा हा दिवा आकाशही वाचवील असा कसा निवडायचा, हा प्रश्न त्या गावापुढेही नव्याने उभा राहिला.