अळ्यांनी शिकवलेलं जखमेचं शास्त्र

घरातल्या एखाद्या त्वचेच्या क्रीमची ट्यूब घ्या आणि मागचे बारीक अक्षरांतले घटक वाचा. अनेक क्रीममध्ये 'अ‍ॅलॅन्टॉइन' हे नाव सापडेल. आज ते कारखान्यात तयार होतं. पण जखम भरण्याशी असलेलं त्याचं नातं शोधताना शास्त्रज्ञांना एकेकाळी माशीच्या अळ्यांची मदत झाली होती.

१९१७ साली, पहिल्या महायुद्धात, डॉ. विल्यम बेअर या अमेरिकन अस्थिशल्यविशारदासमोर दोन जखमी सैनिक आले. दोघांच्याही मांड्यांची हाडं मोडून उघडी पडलेली, पोटावरही जखमा, आणि सात दिवस ते अन्नपाण्यावाचून रणांगणात पडून होते. जखमांत अळ्या वळवळत होत्या, पण दोघांनाही ताप नव्हता! अळ्या धुऊन काढल्यावर खाली पू नव्हता, तर निरोगी गुलाबी मांस दिसलं.

१९२९ मध्ये बेअर यांनी बाल्टिमोरमध्ये हाडांच्या जुनाट जंतुसंसर्गाच्या २१ रुग्णांवर मुद्दाम अळ्या वापरल्या. दोन महिन्यांत जखमा भरल्या. पुढे मात्र काही रुग्णांना धनुर्वात झाला. तेव्हा माशीची अंडी निर्जंतुक करून अळ्या वाढवण्याची पद्धत आली. अमेरिकेतल्या ३०० हून अधिक रुग्णालयांत हा उपचार पोहोचला.

पण अळी नेमकं करते काय? हिरव्या चमकदार माशीची अळी मांस चावून खात नाही. ती पाचकरस सोडते, त्यात मेलेलं मांस विरघळतं आणि ते ती शोषून घेते. १९३५ मध्ये विल्यम रॉबिन्सन या कीटकशास्त्रज्ञाने अळ्यांच्या उत्सर्जनातलं अ‍ॅलॅन्टॉइन जखम भरायला मदत करतं, असं दाखवलं. म्हणजे अळी न ठेवता तिच्यातला पदार्थ वापरण्याची वाट दिसली.

१९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि अळ्या मागे पडल्या. पुढे औषधांना न जुमानणारे जंतू आणि मधुमेहींच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमा वाढल्या, तशी त्यांची पुन्हा आठवण झाली. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने निर्जंतुक अळ्यांना मान्यता दिली. २०१० मध्ये प्रागच्या शास्त्रज्ञांनी अळीतलं 'ल्युसिफेन्सिन' हे जंतुनाशक प्रथिन ओळखलं.

मग हा रामबाण उपाय आहे का? नाही. ब्रिटनमध्ये पायाच्या जखमांच्या २६७ रुग्णांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अळ्यांनी जखम लवकर साफ झाली, पण पूर्ण भरायला वेळ तेवढाच लागला आणि वेदना जास्त झाल्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. घरी जखमेत आपोआप पडलेल्या अळ्या म्हणजे उपचार नव्हे. त्या निर्जंतुक नसतात आणि आपल्याकडच्या काही माशांच्या अळ्या जिवंत मांसही खातात. मधुमेहात पाय बधिर असल्याने कळतसुद्धा नाही. अशा वेळी घासलेट किंवा फिनेल ओतू नका, जखम स्वच्छ कापडाने झाका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि मधुमेह असेल, तर रोज रात्री दोन्ही तळपाय उजेडात नीट पाहा. लहान जखम वेळेत सापडली, तर बहुधा पाय वाचतो.